दोरी वर, लुगडी खाली

मेंदी रंगाचा एक ब्लाउज. हुक लावायचे राहिलेले. पिशवीत, चौदा महिने.

*

कळपातली मेंढी हरवली तर ते मोजून कळत नाही. तिचं पिलू ओरडतं, त्यावरून कळतं.

*

सहाशे तेवीस.

*

वेशीतली सिमेंटची नवी कमान. नावाची जागा कोरी.

*

परभणीच्या डॉक्टरांनी कागदावर एका अवयवाचं चित्र काढलं आणि त्याचा पाऊण भाग पेनाने काळा केला.

*

कागदाला वरची बाजू असते, हे जन्मतः कुणालाच ठाऊक नसतं.

गाव

वरचं सगळं एकाच गावातलं आहे. ताडकळसपासून नऊ किलोमीटर. एका अंगाला भीमनगर, दुसऱ्या अंगाला धनगर गल्ली, मधून रस्ता. रस्त्यावर देशी दारूचं सरकारमान्य दुकान, भगवानरावांचं. दुकानाच्या बरोब्बर समोर सुकेशनीचं दार.

सुकेशनी ब्लाउज शिवते. दोन्ही गल्ल्यांतल्या बायकांची मापं तिच्या वहीत आहेत, पण चौदा महिने एकाच गल्लीची कापडं तिच्याकडे येत होती. वेशीतल्या कमानीवर कुणाचं नाव द्यायचं यावरून दगड चालले, तेव्हापासून. भीमनगरच्या एकोणीस जणांवर गुन्हे, धनगर गल्लीच्या बावीस जणांवर. तारखेला सगळे पूर्णेच्या कोर्टात जातात. एकाच दिवशी, दोन जीपमध्ये.

डॉक्टरांनी काळं केलेलं चित्र तिच्या नवऱ्याच्या, सिद्धोधनच्या, यकृताचं. तो टेम्पो चालवायचा. "अजून वर्षभर असंच चाललं तर नंतर माझ्याकडे आणू नका," असं डॉक्टर म्हणाले होते. सिद्धोधनने नऊ दिवस धीर धरला. खोलीचं दार आतून लावून बसला. दहाव्या दिवशी म्हणाला, "दुकान समोर हाय तवर माज्यानं व्हायचं न्हाई, सुके. दार उघडलं की पाटीच दिसती."

म्हणून दुकान हटायला हवं होतं. एवढंच. सुकेशनीला गाव सुधारायचं नव्हतं.

बाक

जानेवारीत ती नवऱ्याला उठवायला दुकानात गेली. भगवानराव गल्ल्यावर होते.

"ताई, सह्या घ्यायल्या म्हणं तुमी. दुकान बंद करायला."

"घ्यायले."

"घ्या. पर एक सांगतो. देवळात तुमी येत न्हाईत, विहारात ते येत न्हाईत, पारावर तर आता कुत्रं बी बसंना. ह्या गावात दोन्ही गल्ल्या एका बाकावर बसत्यात ती जागा माजी. हीच बंद पाडली तर उरलं काय?"

बाकावर सिद्धोधन होता. त्याच्या मांडीला मांडी लावून बिरदेव, धनगर गल्लीतल्या केवळाबाईंचा मुलगा. बिरदेवने दगड मारला अशी सिद्धोधनची फिर्याद होती, आणि सिद्धोधनने मारला अशी बिरदेवची. दोघं एकाच पुडीतले फुटाणे खात होते.

"खरं बोलायलेत भगवानराव, वैनी," बिरदेव म्हणाला. "हितं आमचं लय जमतंय."

सिद्धोधन हसला.

सुकेशनीने नवऱ्याच्या काखेत हात घातला आणि त्याला घरी नेलं. वाटेत तिला वाटलं, भगवानराव म्हणतात ते खोटं नाही.

नियम

मतदान फक्त बायकांनी करायचं. चिठ्ठीवर दोन चित्रं. उभी बाटली म्हणजे दुकान राहू द्या. आडवी बाटली म्हणजे बंद करा.

मत गुप्त.

आलेल्या बायकांच्या निम्म्या पुरत नाहीत. यादीतल्या एकूण बायकांच्या निम्म्यांहून जास्त आडव्या बाटलीला लागतात.

यादीत सहाशे तेवीस. म्हणजे तीनशे बारा.

भीमनगरच्या दोनशे चार. धनगर गल्लीच्या दोनशे एकतीस. बाकी घरांतल्या एकशे अठ्ठ्याऐंशी. जी येणार नाही तिचं मत आपोआप उभ्या बाटलीला. ऊसतोडीला गेलेली, लग्न होऊन गेलेली पण नाव न काढलेली, सगळ्या उभ्या बाटलीकडे. यादीतल्या अकरा जणी तर मेलेल्या होत्या. त्याही दुकानाच्या बाजूने.

मतदान मागायला लागतात तेवढ्या सह्या भीमनगरातच निघाल्या. उत्पादन शुल्काचे साहेब आले, एकेकीला विचारून खात्री करून गेले. मार्चमधला एक रविवार ठरला.

मार्चमध्ये धनगरांची मेंढरं गावात नसतात.

तालीम

मतदानाच्या आधीच्या रविवारी सुकेशनीने विहारात तालीम घेतली. चिठ्ठी स्वतः काढली, ताडकळसहून तिच्या झेरॉक्स आणल्या. वर "मतपत्रिका" असं लिहिलेलं, त्याखाली दोन बाटल्या, एकीखाली एक. शिक्का म्हणून पेनाचं टोपण, शाईच्या गादीवर दाबायचं.

चाळीस म्हाताऱ्या आल्या. एकेक जण पडद्याआड गेली, आडव्या बाटलीवर शिक्का मारून आली. सुकेशनीने एकेकीच्या हातातली चिठ्ठी घेऊन उघडली.

अकरा शिक्के उभ्या बाटलीवर होते.

एक तिच्या सासूचा होता. मालनबाई, वय चौऱ्याहत्तर.

"आत्या, हे काय केलं? आडवीवर मारायचं होतं."

"आडवीवरच मारलंय."

"ही उभी हाय."

"उभी कशी? नीट बग की. झोपलीय." मालनबाईंनी चिठ्ठी हातात घेतली, मघाशी घेतली होती तशीच, आणि बोट ठेवलं.

सुकेशनीने मान वाकडी करून पाहिलं.

मालनबाईंनी कागद आडवा धरला होता. त्यांच्या हातात ती बाटली खरोखर झोपली होती. आणि दुसरी, जिच्यासाठी सुकेशनी इतके महिने दारोदार फिरली होती, ती ताठ उभी होती.

सुकेशनी थोडा वेळ मान वाकडी ठेवूनच उभी राहिली. तिला हसू आलं नाही. लहानपणापासून तिने हजारो कागद हातात धरले होते आणि एकदाही असा प्रश्न पडला नव्हता. कागद वळवला की दुकान चालू, वळवला की बंद. अख्खं सरकार, तहसील, शिक्के, यादी, सगळं या एका गोष्टीवर उभं होतं की कागद घेणाऱ्या बाईला त्याचं डोकं कुठं आहे ते माहीत असेल. कुणी सांगितलं नव्हतं. कुणाला सांगायचं सुचलंच नव्हतं.

"आत्या, हे बघा. अक्षरांच्या डोक्यावर रेघ असती. ही. ही रेघ वर पाहिजे."

मालनबाईंनी कागद डोळ्यांजवळ नेला. मोतीबिंदू पिकत आला होता.

"ही दोरी?"

"हां, दोरीच म्हणा."

"आन् हे खाली लोंबतंय ते कपडे."

"हां."

"मग आदी न्हाई का सांगायचं, कवाची वही घेऊन बोलायलीस." मालनबाई इतर म्हाताऱ्यांकडे वळल्या. "आगं बायांनो, सोपं हाय. दोरी वर, लुगडी खाली. मग बाटली बगायची."

दुसऱ्या फेरीत एकच शिक्का चुकला. तो चांगुणाबाईंचा. त्यांना मुळात दुकान चालूच राहायला हवं होतं, हे नंतर कळलं.

माप

भीमनगरात चाळिसात अकरा. रस्त्यापलीकडे दोनशे एकतीस बायका, त्यातल्या निम्म्याहून जास्त शाळेत न गेलेल्या. त्यांना कुणी दोरी दाखवली असेल?

सोमवारी दुपारी सुकेशनीने पिशवीतला ब्लाउज काढला, हुक लावले, आणि रस्ता ओलांडला.

केवळाबाई ओट्यावर लोकर पिंजत होत्या.

"कोन ती?"

"मी सुकेशनी, केवळामाय."

"त्ये दिसायलंय. चौदा महिने रस्ता गावला न्हाई का तुला? सोळा पावलं हायती. मी मोजलीत."

"तुमाला बी गावला न्हाई की."

"तोंड तसंच हाय हिचं," केवळाबाई लोकरीला म्हणाल्या.

आतून चंदा आली, त्यांची सून, बिरदेवची बायको. ब्लाउज तिचाच होता. दगड चालले त्याच्या दोन दिवस आधी तिने शिवायला दिला होता. तिने तो अंगावर लावून पाहिला.

"आता काय ह्यो मला हुतोय? दंडात आवळंल."

"आण, उसवून देते."

"आन् माजं माप?" केवळाबाईंनी विचारलं. "ठिवलंस का फाडून टाकलंस?"

"हाय वहीत. फाडायचंच होतं. पर त्या पानाच्या मागं आमच्या आत्याचं माप हाय."

केवळाबाईंचे हात थांबले. मग त्या खांदे हलवून हसायला लागल्या, आवाज न करता.

तेव्हा सुकेशनीने चिठ्ठी काढली. "ह्यातली झोपलेली बाटली कोणती, माय?"

केवळाबाईंनी कागद घेतला. आडवा. बोट ठेवलं.

"न्हाई. ही उभी हाय."

"मला आंधळी समजायलीस का?"

सुकेशनीने दोरी दाखवली. लुगडी दाखवली. कागद त्यांच्या हातात हळूच फिरवला. बाटली उठून बसली. केवळाबाईंनी तो पुन्हा फिरवला. झोपली. पुन्हा. उठली. असं त्यांनी बराच वेळ केलं. चंदा मागे उभी राहून बघत होती. तिलाही हे नवीन होतं.

"पन्नास साल झालं मी मत टाकायले," केवळाबाई शेवटी म्हणाल्या. "मग मी कुनाला दिलं गं?"

"ज्येला द्यायचं त्येलाच दिलं. कपबशी आडवी धरली तरी कपबशीच ऱ्हाती. शिलाई मशीन, पतंग, सगळ्यांचं तसंच. बाटलीचंच तेवढं न्हाई."

केवळाबाईंनी कागदाची घडी घातली आणि मांडीखाली ठेवली.

"आमच्या चौतीस बाया मेंढरामागं हायत्या. पेडगावच्या शिवारात. त्येंनी कुठं शिकायचं?"

"म्हणून तर आले."

"चंदा जाईल. ह्यातले चार-दोन कागद दे तिला." मग त्यांनी रस्त्याकडे, दुकानाच्या पाटीकडे पाहिलं. "बिरदेव सालभर मेंढरांच्या वाड्यावर गेला न्हाई. परवा गेला तर कळप बुजला. मेंढरं वळखंनात त्येला."

सुकेशनी उठली तसं त्या म्हणाल्या, "एक ध्यानात ठिव. ह्यानं कमानीचं मिटत न्हाई."

"न्हाई मिटत."

"तारखेला आमची मानसं बोलायची ती बोलतीलच."

"आमची बी."

"मग बस. च्या घेऊन जा."

रांग

रविवारी आठ वाजता जिल्हा परिषदेच्या शाळेत दोन रांगा होत्या. एक दाराच्या डावीकडे, एक उजवीकडे. मध्ये जीप जाईल एवढी जागा.

मतदानाला आलेल्या नायब तहसीलदार बाई बाहेर आल्या. "ही काय पद्धत? एकच रांग करा."

कुणी हललं नाही. कुणाच्या मागे कुणी उभं राहायचं हा प्रश्न होता, आणि तो बाईंना समजावून सांगणार कोण.

सगळ्यात पुढे डावीकडे मालनबाई होत्या, उजवीकडे केवळाबाई. शाळेची पायरी उंच. मालनबाईंना ती नीट दिसत नव्हती. त्यांनी पाय उचलला, हवेत धरला, आणि जवळ जो हात होता तो पकडला.

"धर," केवळाबाई म्हणाल्या, "पर वढू नगं. मी काय मेंढी हाय का?"

"मेंढी असतीस तर बोलली नसतीस एवढी."

दोघी आत गेल्या. मग पुढचं आपोआप ठरलं. डावीकडची एक, उजवीकडची एक. पुन्हा डावीकडची. थोड्या वेळाने जागा अरुंद झाली, मग उरलीच नाही. एका बाईने पुढच्या बाईच्या पाठीकडे पाहून म्हटलं, "ह्यो गळा सुकेशनीनं शिवलाय." पुढची वळून म्हणाली, "मग? तुजा कुनी शिवला, शिंप्यानं?"

रांगेतून एक कुजबुज मागून पुढे, पुढून मागे जात होती. दोरी वर. दोरी वर. लुगडी खाली.

नायब तहसीलदार बाई पुन्हा बाहेर आल्या. "काय चाललंय? रांगेत प्रचार चालणार नाही."

"परचार न्हाई बाई," भीमनगरच्या सुलाबाई म्हणाल्या. "धुनं वाळत घालायचं बोलायलोत."

अकराच्या सुमारास कुणीतरी शाळेच्या मागच्या अंगाला हात केला.

ज्वारी काढून झाली होती. रान उघडं, पार क्षितिजापर्यंत. त्या रानातून, रस्त्यावरून नव्हे, एकामागे एक बायका येत होत्या. आधी त्या रेघेसारख्या दिसल्या, मग डोकी दिसायला लागली. गुडघ्यापर्यंत धूळ, कुणाच्या पाठीला मूल, पुढे चंदा. कुणी हाका मारल्या नाहीत, कुणी हात हलवला नाही. त्या फक्त चालत होत्या.

सुकेशनीने मोजायला सुरुवात केली आणि सोडून दिलं. एका बाटलीवर उमटवलेल्या शिक्क्यासाठी माणसं एवढी चालतात? तिला तिच्या घरासमोरची पाटी हटवायची होती. या बायांच्या घरासमोर तर पाटीच नव्हती. त्यांना घरच नव्हतं या महिन्यात.

"मेंढरं कुनापाशी?" केवळाबाईंनी विचारलं.

"बाप्यांपाशी," चंदा म्हणाली. "त्येंला बी कळू द्या एक दिवस."

एकीच्या पदरात आई मेलेलं कोकरू होतं. दारावरचा शिपाई म्हणाला, जनावर आत चालणार नाही. बाई गोंधळली. सुलाबाईंनी हात पुढे केले. कोकराने त्यांचं बोट चोखायला घेतलं, आणि त्यांचा नंबर येऊन गेला तरी त्या तिथंच उभ्या होत्या.

सुकेशनीचा नंबर दुपारी आला. पडद्याआड तिने चिठ्ठी हातात धरली. वाचता येत असूनही तिने बोट रेघेवर ठेवलं, डावीकडून उजवीकडे फिरवलं. दोरी वर. मग शिक्का मारला. घडी घातली. आणि घडी घातल्यावर तिच्या हातात जे उरलं ते मालनबाईंच्या हातातल्या, केवळाबाईंच्या हातातल्या, धुळीत चालून आलेल्या बाईच्या हातातल्या कागदासारखंच होतं. तसूभर फरक नव्हता. पेटीच्या फटीत तो गेला. आवाजसुद्धा झाला नाही.

मोजणी

चारशे सोळा.

वर्गातली दोन टेबलं जोडून त्यावर पेटी रिकामी केली. सुकेशनीला समोर बसू दिलं होतं, भगवानरावांनाही. ढिगाकडे बघताना तिने एक खेळ केला: ही कुणाची, ती कुणाची. एकही ओळखता आली नाही. एवढ्या जणींच्या छातीची, दंडाची, गळ्याची मापं तिला ठाऊक होती, आणि इथं सगळ्या तिला अनोळखी झाल्या होत्या. ही भीमनगरची, ही धनगर गल्लीची, असं कागदावर कुठंच नव्हतं. गेल्या चौदा महिन्यांत गावातली अशी ही एकच गोष्ट तिने पाहिली.

सतरा बाद.

एकसष्ट उभ्या.

तीनशे अडतीस आडव्या.

भगवानराव उठले, टोपी घातली. दारापाशी थांबले. बाहेर पाहिलं आणि तसेच गेले.

बाहेर शाळेच्या आवारात बायका बसल्या होत्या. कुणी घरी गेलं नव्हतं. दिवसभर उभं राहून पाय भरून आले होते, सावली जिथं होती तिथं त्या बसल्या होत्या, आणि सावली कडुलिंबाची असल्यामुळे तिला डावं-उजवं नव्हतं. सुकेशनीने आकडा सांगितला.

"म्हंजी तेवढ्या बाया हुत्या हितं?" केवळाबाईंनी विचारलं.

"होत्या."

"तीनशे."

"अडतीस."

केवळाबाई आवाराकडे बघत राहिल्या. मालनबाईही बघत राहिल्या, त्यांना काही दिसत नव्हतं तरी.

नंतर

महिन्याने दुकानाला सील लागलं. पाटी उतरली. सिद्धोधन दार उघडतो तेव्हा समोर भिंत दिसते आणि तिच्यावर पाटीच्या आकाराचा स्वच्छ चौकोन. पहिले काही दिवस त्याचे हात इतके थरथरत की सुकेशनी त्याला चहा बशीत ओतून देई. दोनदा तो ताडकळसला जाऊन पिऊन आला, बिरदेवच्या मोटारसायकलवर. तिसऱ्यांदा बिरदेव बोलवायला आला तेव्हा सिद्धोधन म्हणाला, "नऊ किलोमीटर लय लांब पडतंय बाबा," आणि बिरदेव ओट्यावर बसून राहिला. मग तिथंच झोपला.

कमानीवरची जागा कोरी आहे. तारखेला अजून दोन जीप जातात.

दुकान बंद करण्याचा मूळ अर्ज सिद्धोधनच्या अक्षरात आहे. तो त्याने डिसेंबरात, एका मंगळवारी दुपारी, भगवानरावांच्या बाकावर बसून लिहिला.